शाळेचा कागद

सकाळी स्वयंपाकाला आल्याआल्या कमलेशनं ओढणीखालची फाइल शालिनीच्या हातात दिली. “दीदी, चालीसों घरों के साइन हो गए!” नोएडातल्या त्या सोसायटीच्या गेटसमोर सरकारी हायस्कूल होणार म्हटल्यावर सगळे रहिवासी एकवटले होते. गर्दी होईल, फ्लॅटच्या किमती पडतील, वस्तीतली मुलं दारात येतील. इंग्रजी चांगलं म्हणून विरोधाचं पत्र शालिनीनंच लिहिलं, आणि घरोघरी पोळ्या करणाऱ्या कमलेशलाच ते सह्यांसाठी फिरवायला दिलं होतं. “स्कूल का कागज है,” एवढंच सांगितलं. कमलेशला वाचता येत नव्हतं. आठवीच्या पुढची शाळा हायवेपलीकडे, म्हणून तिची मुलगी एप्रिलपासून घरीच बसली होती. शालिनीनं सह्या पाहिल्या. मान वर करायचा धीर होईना. “अब मेरी गुड़िया भी पढ़ेगी,” कमलेश म्हणाली. अंगठा ओढणीला पुसून तिनं पुढे केला. “दीदी, नीचे मेरा भी लगवा दो.”