चौदावी खाच

शशिधरने पेटी उघडली आणि रोजच्यासारखा चौदाव्या खाचेत अंगठा टेकवून पाहिला. रिकामी. अडतीस वर्षांत तिथे काही उगवलं नव्हतं, आज कुठून उगवणार!

पण आज उगवणार होतं. सकाळीच क्रॉयडनच्या दुकानदाराचा फोन आला होता. "डॉक्टर, तुमचं ब्रह्मदेशवालं मेडल आलंय. चारपर्यंत कळवा. दुसरं एक गिऱ्हाईक टपून बसलंय." उद्या लंडनच्या पिनर भागातलं हे घर सोडून रीडिंगला मुलाकडे राहायला जायचं होतं. जायच्या आत पेटी पुरी करायची, हे शशिधरने मनाशी पक्कं केलं होतं. बायकोच्या, अलकाच्या, हयातीत ते जमलं नाही, ही रुखरुख त्याला जेवू देत नव्हती.

महायुद्धातल्या चोवीस प्रसंगांची चोवीस चांदीची मेडल्स. महिन्याला एक, रजिस्टर्ड पोस्टाने यायचं. चौदावं ब्रह्मदेशच्या मोहिमेचं. शशिधरचे वडील त्या मोहिमेत लष्करी इस्पितळात कंपाउंडर होते. खरं तर त्या एकासाठीच त्याने अख्खा सेट लावला होता. आणि नेमकं तेच या घरात राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात गायब! "पाकिटासकट रद्दीत टाकलंस तू!" केवढा ओरडला होता तो अलकावर. ती म्हणाली, "टाकलं असेल बाई." पुढे एक अक्षर नाही.

मग सुरू झाले रविवार. सोमवार ते शनिवार हा गृहस्थ इस्पितळाचा. रविवारी मात्र कुठल्या ना कुठल्या गावात, चर्चच्या हॉलमध्ये नाहीतर शाळेत, जुन्या नाण्यांची आणि मेडल्सची फेअर असायची. तिथे हा शोधायला जायचा आणि अलका न चुकता बरोबर. फॉइलमध्ये थालीपीठं, थर्मासमध्ये चहा. टेबलांवरून भराभरा नजर फिरवून ती म्हणायची, "इथे नाहीये हो. चला, बाहेर बसू." एकदा ब्रायटनला दोघं समुद्रावर असे रमले की हॉलला कुलूप लागलं. शशिधर स्वतःवरच चिडला. अलका मात्र हसत होती. परतीच्या ट्रेनमध्ये त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

दोन दिवाळ्यांपूर्वी ती गेली. त्यानंतर शशिधर एकाही फेअरला गेला नाही. शोध काय तो फोनवरून.

तीन वाजता पुरुषोत्तम आला, घराचा निरोप घ्यायला. हा जुना मित्र. नोकरी रेल्वेत इंजिनिअरची, पण सुट्टीच्या दिवशी पोथी घेऊन निम्म्या लंडनच्या पूजा सांगायचा. या घराची वास्तुशांतही त्याच्याच हातची.

"कोट काढू नकोस," शशिधर म्हणाला. "दुकानदाराला फोन करतो, की क्रॉयडनला निघू. चौदावं मिळालं, लेका!"

पुरुषोत्तमने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग स्वयंपाकघरात गेला आणि आग्नेय कोपऱ्यात, वॉशिंग मशीनपाशी जाऊन उभा राहिला.

"शशी, ते हरवलंच नव्हतं रे. इथे आहे. या फळीखाली."

शशिधरने वाकून फळीकडे पाहिलं.

"वास्तुशांतीला इथे पुरायची चांदीची प्रतिमा पुण्याहून यायची होती. ज्या बॅगेत होती, ती बॅगच विमानतळावर गहाळ झाली. तू संकल्पाला बसलास आणि तुझा इस्पितळाचा पेजर वाजला. पळालास इस्पितळात. तुझ्या जागी पाटावर सुपारी ठेवून आम्ही पूजा पुढे नेली. मी म्हटलं, वहिनी, मुहूर्त टळतोय, चांदीचं काहीही द्या, आकाराचं देव बघून घेईल. त्यांनी त्याच सकाळी आलेलं पाकीट फोडलं. कुठलं मेडल ते त्यांनी वाचलं नाही, मीही नाही. संध्याकाळी तू शोधायला लागलास, तेव्हा कळलं."

"आणि अडतीस वर्षं मला सांगितलं नाहीत?"

"आधी त्या घाबरल्या होत्या. मग मीच म्हटलं, आता सांगून टाका. तोवर तुमचे रविवार सुरू झाले होते. मला म्हणाल्या, 'भाऊजी, माझी शपथ आहे, बोलू नका. आठवडाभर मी सुपारीशीच संसार करते. रविवारी तेवढा माणूस मिळतो.'"

शशिधर तिथेच जमिनीवर बसला आणि रडला. रद्दीचा आळ निमूट सोसला बयेने. दर रविवारी पहाटे उठून थालीपीठं थापली, आणि जे स्वतःच्या हाताने पुरलं, ते गावोगाव शोधत फिरली.

पुरुषोत्तमने हळूच विचारलं, "फळी काढायची का?"

"वास्तू कुणी उकरतं का रे?" शशिधरने फळीवरून हात फिरवला.

चारला पाच मिनिटं असताना त्याने क्रॉयडनला फोन लावला.

"ठेवू ना बाजूला, डॉक्टर?"

"नको. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाका."

"अहो, पण इतकी वर्षं शोधताय तुम्ही!"

"हो ना," शशिधर डोळे पुसत म्हणाला. "या रविवारी फेअर कुठे आहे, तेवढं सांगा."