दिवा हिरवाच असतो

नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या वर्गात बाई नेहमीचंच शिकवत होत्या. "शेजारच्या नेटवर्कने 'हा पत्ता माझा' असं जाहीर केलं, की शहानिशा न करता मान डोलावू नका. नाहीतर खऱ्या मालकाकडे जाणारं सगळं त्या दुसऱ्याच्या दारात जाऊन पडतं. त्यात चोरी असतेच असं नाही, कधी नुसती चूक असते."

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण मॅडम, खऱ्या मालकाला कळत कसं नाही?"

"कसं कळणार? त्याची वायर शाबूत, दिवा हिरवा. त्याला आपलं वाटतं, आज कोणाला आपल्याकडे काही काम नसेल."

बोलता बोलता त्यांनी सवयीने टेबलावरच्या मोबाइलकडे पाहिलं. बॅटरी फुल, रेंज फुल. लेक वडिलांच्या नव्या संसारात राहायला गेल्यापासून त्या वर्गातही फोन बंद करत नसत. आणि आज तो चक्क वाजला. लेकीचंच नाव. वर्गाला हातानेच थांबवत बाईंनी फोन कानाला लावला. "बोल गं बाळा."



"अय्या, तुला लागला का? सॉरी हं. मला आईला लावायचा होता."