उणे एक

"उणे एक म्हणजे यंत्र बिघडलंय. माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलंय मी," रेनाटो फोनवर म्हणाला. हे वाक्य त्याला तोंडपाठ होतं.

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सच्या दमट उकाड्यात बसून त्याने हवामानाच्या यंत्रांसाठी एक छोटी प्रोग्रॅमिंग भाषा रचली होती. तिचा त्याला भारी अभिमान. त्या भाषेत फंक्शनला प्रश्न विचारायचा आणि एकच उत्तर घ्यायचं. तापमान विचारलं की आकडा मिळे. यंत्र बिघडलं असलं की उणे एक. केर्न्समध्ये थंडी पडली म्हणजे लोक पंखा बंद करतात. उणे एक तिथे खरोखर बघणार कोण?

दूर दक्षिणेच्या थंड टास्मानियातल्या सफरचंदांच्या बागवाल्या मॉर्वेनबाईंनी दोन वर्षांत चारदा विनंती केली होती. फंक्शनने दोन उत्तरं एकदम द्यावीत: तापमान, आणि यंत्र धड आहे की नाही ते. बाकीच्या भाषा देतातच की. रेनाटोने चारही विनंत्या निकालात काढल्या. "आज जोडी मागतायत, उद्या वरात काढतील," असं तो मित्रांना हसत सांगायचा.

आज बाईंनी पहिल्यांदाच फोन केला होता.

"पहाटे पडद्यावर उणे एक आलं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "गेल्या महिन्यात दोनदा खरंच बिघाड निघाला होता. म्हटलं, तोच असणार. मी आणि नवऱ्याने यंत्र खाली उतरवलं, वायर न् वायर तपासली. तास गेला त्यात."

"मग? कुठली सुटली होती?"

"एकही नाही रे. खरंच उणे एक होतं."

अशा थंडीत बहरावर लगेच पाण्याचे फवारे सोडावे लागतात, नाहीतर फुलं जळून जातात, एवढं रेनाटोलाही ठाऊक होतं. आणि तो तासभर ही दोघं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून वायरी चाचपत बसली होती. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"चुकलं माझं, मॉर्वेन," तो कसाबसा म्हणाला. "तुमचंच बरोबर होतं. दोन उत्तरांचं आजच बसवतो. संध्याकाळच्या आत पाठवतो, शप्पथ."

"आधी जेवून घे," बाई म्हणाल्या. "सावकाश कर. आता पुढच्या बहरापर्यंत इथे कसली घाई नाही."