तेहतीसवरचं बटण

गायिका काठी टेकत मंचावर आली. पहिलं गाणं सुरू झालं आणि आजूबाजूची मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

"आवाज गेला हो बाईंचा," मागून कुणीतरी पुटपुटलं. "गाणी पण किती संथ झालीत."

दिगंबरराव गोंधळले. त्यांना तर सगळं ओळखीचं वाटत होतं. कार्यक्रमाला कोरं जायचं नाही, हा त्या नाट्यसंगीतवेड्या माणसाचा जुना नेम. म्हणून लेकीनं 'सोल' नावाचं कृष्णवर्णीयांचं भावसंगीत गाणाऱ्या या अमेरिकन गायिकेच्या तरुणपणच्या बावीस छोट्या तबकड्या आणून दिल्या होत्या, आणि महिनाभर रोज दुपारी जेवणानंतर ते त्या मन लावून ऐकत होते. तोच हा खर्ज, तीच रेंगाळणारी लय.

"काय बिघडलंय गं हिचं?" त्यांनी शेजारी बसलेल्या लेकीला हळूच विचारलं.

"बाबा, तबकड्यांमध्ये केवढा पातळ, चपळ आवाज होता." मग तिला शंका आली. "छोट्या तबकड्यांसाठी प्लेअरचं वेगाचं बटण पंचेचाळीसवर केलं होतंत ना?"

"ते कशाला? नाट्यगीतांच्या मोठ्या तबकड्यांसाठी तेहतीसवर असतं, तसंच ठेवलं."

लेकीनं कपाळाला हात लावला. "म्हणजे महिनाभर तुम्ही सगळं संथ आणि जाड करून ऐकलंत."

मग आपण ऐकली ती बाई कोण, आणि ही समोरची कोण, दिगंबररावांना काही उमगेना. तेवढ्यात गाणं संपलं. टाळ्या विरळच पडल्या. बाई ओशाळं हसली.

दिगंबरराव उठून उभे राहिले आणि नाटकाला देत तसा त्यांनी खणखणीत आवाज दिला, "वन्स मोअर."

बाईनं चमकून तिकडे पाहिलं. मग तेच गाणं पुन्हा धरलं, आणखी थोडं सावकाश.