पाचांचे तीन

राष्ट्राध्यक्ष याही वेळी व्हर्जिनियाचाच झाला, ही बातमी घेऊन हेन्ली साहेब तंबाखूच्या कोठारात आले. त्यांचा गुलाम आयझॅम पिंपात पानं दाबून भरत होता.

"उत्तरेवाल्यांची चांगली जिरली. बोंबलत होते, मताचा हक्क नसलेले गुलाम लोकसंख्येत मोजता कशाला म्हणून."

"आम्हालाही मोजतात, मालक?"

"तर काय. पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, राज्यघटनेतच लिहिलंय. माणसं जास्त, तेवढी राष्ट्राध्यक्ष निवडताना आपल्या राज्याची मतं जास्त. तुमच्याच जिवावर जिंकलो म्हण ना."

आयझॅमने पानांचा आणखी एक थर दाबला.

"बरोबर आहे, मालक. घरात आम्ही पाच जण होतो. नाताळात तुम्ही माझ्या दोन पोरी विकल्यात, तेव्हापासून तीनच आहोत."