लपवलेली कालवड

छप्पन साली सरकारी बाबू घरोघर जनावरं मोजत आला. गाय, गोऱ्हा, खोंड, कालवड, सगळं वेगवेगळं लिहायचं होतं. पट्टी बसेल या धास्तीनं मी आमची कालवड सकाळीच धनगरांच्या तुकाबाईकडं बांधून आले. "इचारलं तर तुझीच म्हण," असंही बजावलं.

तिनं तसंच सांगितलं. पण दिवस मावळला तरी कालवड परत येईना. आता ही गिळते की काय, म्हणून भावकीतली दोन माणसं साक्षीला घेऊन मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

तुकाबाई तोंडावर बोट ठेवतच बाहेर आली.



"हळू बोला, वैनी. बाबू आत जेवतोय, त्यो गेला की मीच आणून बांधते. अन् ह्या पाव्हण्यांस्नी उभं का ठेवलंय? बसा, ताक देते."