करपलेले जव

पेज बुडाला लागली तेव्हा सूनबाई घरभर नवऱ्याचा चष्मा शोधत होती. चष्मा नवऱ्याच्या कपाळावर होता.

नवरा म्हणजे उत्खननातला मोठा माणूस. डोंगरावर पहिल्यांदा शेती करणाऱ्या माणसांची वस्ती त्याने खणून काढली होती. जळक्या जवाचा एक दाणा चिमटीत धरून त्या साली पाऊस कसा झाला असेल ते तो सांगे. स्वतःच्या स्वयंपाकघरातला करपट वास मात्र त्याच्या नाकापर्यंत पोचला नाही. तो आरशासमोर भाषण पाठ करत होता.

भाषण मडक्यांवर होतं. त्या वस्तीत चुलींपासून दूर, घरांच्या मागच्या अंगाला, पुरून ठेवलेली मडकी सापडली होती. प्रत्येकाच्या तळाशी जळक्या जवाचा थर. यावर त्याने सिद्धांत मांडला, की ते लोक हंगामातली पहिली पेज मुद्दाम जाळून डोंगराला अर्पण करत आणि मडकं आदराने भूमीच्या स्वाधीन करत. विद्वानांनी माना डोलावल्या. त्या जोरावर विभागप्रमुखाची खुर्ची जवळजवळ त्याच्या बुडाखाली आली होती, आणि ती खुर्ची देणारी मंडळी आज दुपारी जेवायला यायची होती. त्यांना त्याच वाणाच्या जवाची पेज वाढायची, डोंगरातल्या बायका करतात तशी, मंद आचेवर, हात न थांबवता ढवळून. कल्पना त्याची. ढवळणं सूनबाईचं.

त्यातून पातेलं सासूबाईंचं, जाड बुडाचं, जिवापाड जपलेलं. आणि सासूबाईंच्या हातून जन्मात काही करपलं नव्हतं. हे त्या स्वतः सांगत, शेजारीण सांगे, आणि भाजी जरा खाली लागली की नवराही घास हातात धरून सांगे. सूनबाईने ते इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं.

तिने वरवरची पेज दुसऱ्या भांड्यात काढली. पातेलं घासलं, खरवडलं, सोडा घालून उकळलं. काळा थर ढिम्म हलला नाही. कचऱ्यात टाकावं, तर कचऱ्याचा डबा सासूबाई रोज उघडून बघत. इतक्या बारकाईने त्यांच्या चिरंजीवांनी ती वस्तीही तपासली नसेल.

सासूबाई शेजारी गेल्या होत्या. सूनबाईने पातेलं टॉवेलात गुंडाळलं, खुरपं घेतलं आणि मागच्या दाराने परसात गेली. भिंतीलगतच्या कोपऱ्यात माती भुसभुशीत होती. का होती, याचा विचार करायला सवड नव्हती. ती गुडघ्यांवर बसून खणू लागली. खिडकीतून नवऱ्याचा आवाज येत होता. अर्पण करणाऱ्या त्या अनामिक हातांची श्रद्धा आज आपल्याला कळणं अशक्य आहे, असं तो आरशाला समजावून सांगत होता.

मातीवर सावली पडली. मागे सासूबाई उभ्या होत्या.

टॉवेल सुटून पडला होता, लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. चुकलं म्हणावं, रडावं, की सरळ माहेरची वाट धरावी, सूनबाईला काही सुचेना.

सासूबाईंनी पातेलं उचललं, आत डोकावून पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. आत मुलगा पुन्हा श्रद्धेवर आला होता. गुडघे सांभाळत त्या सुनेशेजारी खाली बसल्या आणि तिच्या हातातलं खुरपं काढून घेतलं.

"इथे नको गं, जरा पलीकडे," त्या हळूच म्हणाल्या. "इथे माझी दोन आहेत. आणि त्यांच्या खाली माझ्या सासूबाईंचं."